श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड : प्रजेचे देणे ओळखणारा राजा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र छापण्याची प्रथा आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने मजसारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाकडे सोपविले, तेव्हा कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार मला फार वेळ करावा लागला नाही. नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे नवापूर मागे पडल्यावर सोनगड लागते आणि पुढे व्यारा. आज हा मुलूख गुजरात राज्याच्या तापी जिल्ह्यात मोडतो. परंतु १९४९ पर्यंत तेथे बडोदे संस्थानचा अंमल होता. सोनगडचा किल्ला हे तर गायकवाड घराण्याचे जुने मूळ ठाणे. म्हणजे इंग्रजी अमदानीत आपल्या खानदेशाची शीव ओलांडून पश्चिमेस गेले की सयाजीराव महाराजांचे राज्य लागत असे. इतका जवळचा हा राजा. पण आपल्या घरांतील तरुण पिढीला त्यांचे नाव विद्यापीठाच्या नावापलीकडे ठाऊक नसते. ही उणीव थोडीतरी भरून काढावी, हा या लेखाचा हेतू.

दुसरेही एक कारण आहे. सरकार प्रजेचे नेमके काय देणे लागते, हा प्रश्न आजकाल पुष्कळ ठिकाणी चर्चिला जातो. सरकारने कोणाला विनाकारण तुरुंगात टाकू नये, कोणाचे धन लुबाडू नये, एवढे बहुतेकांना मान्य असते. पण सरकारने नुसते हात आवरून बसले म्हणजे त्याचे कर्तव्य संपते काय? एका माणसाने दुसऱ्याला विहिरीवरून हाकलले, तर ते थांबविणे कोणाचे काम? लेकराला शिकण्याचा हक्क आहे असे म्हटले, पण गावात शाळाच नसली, तर त्या हक्काचा उपयोग काय? हक्क राखण्यासाठी सरकारने स्वतः उठून काही करावे लागते, ही गोष्ट आपल्या देशात ज्या थोड्या राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखली, त्यांत सयाजीरावांची गणना होते. ती ओळखूनही त्यांच्या हातून कोठे उणे राहिले, हेही त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. म्हणून हे चरित्र केवळ स्तुतीसाठी नव्हे, विचारासाठीही वाचण्याजोगे आहे.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या लहानशा खेड्यात झाला. वडिलांचे नाव काशीराव, आईचे उमाबाई आणि मुलाचे गोपाळराव. गायकवाडांचीच ही एक दूरची शाखा असली तरी घरी राजवैभव नव्हते. साध्या शेतकऱ्याच्या मुलासारखे गोपाळरावांचे बालपण शेतात, गुराढोरांत आणि गावच्या पोरांत गेले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख झालेली नव्हती. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या राजाने पुढे आपल्या राज्यातील प्रत्येक मुलाला शाळेत घालण्याचा कायदा केला, तो स्वतः बारा वर्षांचा होईतो निरक्षर होता.

तिकडे बडोद्यात राज्यकारभाराची घडी पार विस्कटली होती. मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत गोंधळ माजला आणि अखेर १८७५ साली इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. तेव्हा त्यांचे पूर्वीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून तीन मुले बडोद्यास नेण्यात आली. येथे कशासाठी आलात, असे त्यांना विचारले असता गोपाळरावांनी आपण राज्य करण्यास आलो आहोत असे निर्भयपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, दि. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळराव हे सयाजीराव झाले.

राजा तर मिळाला, पण त्याला अजून घडवावयाचे होते. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचा अभ्यास चाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, गणित, इतिहास, घोड्यावर बसणे, तालीम, सर्व काही. ज्या वयात इतर मुलांचा प्राथमिक अभ्यास आटोपलेला असतो, त्या वयात त्यांनी मुळाक्षरांस हात घातला आणि सहा वर्षांत ते राज्यकारभारास योग्य झाले. या काळात दिवाणपदी राजा सर टी. माधवराव हे विद्वान मुत्सद्दी होते. त्यांनी विस्कटलेला कारभार मार्गावर आणलाच, पण तरुण महाराजांना राज्यशास्त्रावर व्याख्यानेही दिली. राजा प्रजेच्या सुखासाठी असतो, प्रजा राजाच्या सुखासाठी नव्हे, हा त्या शिकवणुकीचा गाभा होता. दि. २८ डिसेंबर १८८१ रोजी वयाच्या अठराव्या वर्षी सयाजीरावांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

सूत्रे हाती येताच त्यांनी आपल्या विखुरलेल्या मुलखाचे दौरे सुरू केले. बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे तुकडे इंग्रजी व इतर संस्थानी मुलखात पसरलेले होते. खेड्यापाड्यांतून हिंडताना महाराजांच्या ध्यानात आले की, कागदावर सर्वांना खुली असलेली शाळा सर्वांना खुली नसते. अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुले शाळेच्या ओट्यावरही चढू शकत नव्हती. त्यांना कोणत्याही सरकारी हुकमाने मनाई केलेली नव्हती; मनाई गावाने केली होती. गावाने केलेली मनाई मोडण्यास सरकारने काही करावे की नाही, हाच येथे खरा प्रश्न होता. महाराजांनी १८८२-८३ च्या सुमारास त्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमले. पुढे पंडित आत्माराम अमृतसरी या आर्यसमाजी विद्वानांना बोलावून या शाळा आणि वसतिगृहे त्यांच्या हाती दिली. शिक्षक मिळत नाहीत, सबब शाळा बंद, असा शेरा मारून फाईल मिटविणे किती सोपे होते! महाराजांनी ते केले नाही.

आता आपल्या शेजारच्या सोनगडकडे वळू. त्या डोंगराळ मुलखाची वस्ती आपल्या नवापूर, तळोदे, अक्राणी भागांसारखीच : घरे विखुरलेली, एक पाडा या टेकडीवर तर दुसरा त्या टेकडीवर, पावसाळ्यात नाले भरले की जाणेयेणे बंद. अशा ठिकाणी एका जागी शाळा बांधून मुलांची वाट पाहत बसणे व्यर्थ. म्हणून १८८५ च्या सुमारास महाराजांनी सोनगड येथे धाणका या आदिवासी समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहासह शाळा सुरू केली. राहणे, जेवण, कपडे आणि शिक्षण सरकारी खर्चाने. वाचनलेखनाबरोबर शेतीचेही शिक्षण. आज आपल्या जिल्ह्यात आश्रमशाळा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पण अवघ्या काही कोसांवर, आजपासून सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी, एका राजाने तीच गोष्ट ओळखली होती की, डोंगरातल्या मुलाला शिकण्याचा अधिकार द्यावयाचा तर त्याच्या निवाऱ्याची आणि भाकरीचीही सोय सरकारनेच केली पाहिजे.

महाराजांचे सर्वांत मोठे कार्य सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. सयाजीरावांनी १८९३ साली काठेवाडातील आपल्या अमरेली शहरात आणि भोवतालच्या नऊ गावांत हा प्रयोग सुरू केला. मुलांना बाराव्या वर्षापर्यंत व मुलींना दहाव्या वर्षापर्यंत शाळेत पाठविणे पालकांस बंधनकारक झाले. एकदम साऱ्या राज्यात कायदा न करता त्यांनी आधी दहा ठिकाणी तो चालवून पाहिला, शाळा किती लागतात, शिक्षक किती लागतात, खर्च किती येतो याचा अंदाज घेतला, आणि तेरा वर्षांनी १९०६ साली संपूर्ण राज्यास लागू होणारा कायदा केला. सक्ती केली तर शिक्षण मोफतही असले पाहिजे, हे ओघानेच आले. कारण जे द्यावयास पैसे नाहीत ते घेण्याची सक्ती करणे हा निव्वळ जुलूम झाला असता.

या ठिकाणी आपल्या भागाचा इतिहास आठवतो. त्याच १९०६ साली इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आणि आपला नंदुरबारचा मुलूख धुळ्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात गेला. म्हणजे ज्या वर्षी शिवेच्या अलीकडे सरकारने कारभाराच्या सोयीसाठी जिल्हा विभागला, त्याच वर्षी शिवेच्या पलीकडे सरकारने प्रत्येक मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. इंग्रजी मुलखात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांनी पुढे ठेवले होते. पुढच्याच वर्षी ते विधेयक बहुमताने फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात १९१८ साली नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला, आणि त्याआधी एक वर्ष, १९१७ साली, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या राज्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. जे काम सर्वसत्ताधीश इंग्रज सरकारला परवडत नव्हते, ते दोन मराठी संस्थानिकांना परवडले! तिजोरीपेक्षा इच्छा महत्त्वाची असते, याला याहून दुसरा पुरावा नको.

मात्र या कायद्याची दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होत असे, आणि तो दंड बहुधा गरिबालाच बसे. ज्याच्या घरी आठ वर्षांचे पोर गुरे राखते तेव्हाच चूल पेटते, त्याला दंडाची पावती देऊन त्याची चूल अधिकच विझते. १९०४ साली महाराजांनी बालविवाहास बंदी करून मुलीचे वय किमान बारा व मुलाचे सोळा ठरविले. आजच्या दृष्टीने ही वये लहान वाटतात, पण ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले, हे विसरू नये. याही कायद्याखाली दंडाच्या शिक्षा पुष्कळ झाल्या. पण कित्येक कुटुंबे तो दंड लग्नखर्चातील एक बाब समजून भरीत आणि लग्ने लावीतच राहत. सारांश, दंड बसवला म्हणजे सरकारचे कर्तव्य पार पडले असे होत नाही. लोकांचे मन वळविण्याचे आणि अडचण दूर करण्याचे काम त्यापलीकडे शिल्लक राहते.

महाराजांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. विधवाविवाहास कायदेशीर मान्यता देणारा कायदा त्यांनी १९०१ साली आपल्या राज्यात केला. मूल चार बुके शिकून शाळेबाहेर पडले आणि पुढे हाती पुस्तकच आले नाही, तर दहा वर्षांत ते पुन्हा निरक्षर होते, हे ओळखून त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. त्यांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी पडदा टाकून सार्वजनिक कार्यात भाग घेतला, आणि १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले.

आता या चरित्रातील अत्यंत महत्त्वाच्या आणि तितक्याच क्लेशदायक प्रसंगाकडे येतो. डॉ. भीमराव आंबेडकर यांना मुंबईत पदवीचा अभ्यास करताना बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळत होती. पुढे १९१३ साली महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्यास रुजू झाले. विद्येने संपन्न असा हा तरुण कचेरीत बसू लागला, तर शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून फेकीत. कचेरीत पिण्याचे पाणी मिळणे कठीण. शहरात राहण्यास जागा कोणी देईना. अखेर एका पारशी विश्रांतिगृहात नाव बदलून ते राहिले; ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर पडावयास लावले. महाराजांकडे अर्ज गेला, तो दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडे आला. त्यांच्याकडूनही राहण्याची सोय झाली नाही. त्या दिवशी हा विद्वान शहरातील बागेत झाडाखाली तासन्‌तास बसून राहिला, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

वाचकहो, या प्रसंगाचा विचार करा. महाराजांचा हुकूम आंबेडकरांच्या विरुद्ध नव्हता. तो त्यांच्या बाजूचा होता. महाराजांच्याच पैशाने ते शिकले होते. तरीही त्यांच्याच राजधानीत त्यांना एक खोली आणि एक पेला पाणी मिळाले नाही. असे का व्हावे? कारण सरकार म्हणजे केवळ सिंहासनावर बसलेला राजा नव्हे. कागद फेकणारा शिपाई हाही सरकार, पाणी न देणारा कारकून हाही सरकार, आणि आपल्याला शक्य नाही म्हणून हात झटकणारा अधिकारी हाही सरकारच. राजाने द्रव्य दिले, पण शहराच्या अन्यायापासून संरक्षण देण्याचे काम अधुरे राहिले. शिष्यवृत्तीने हक्काचे दार उघडले होते. त्या दाराशी राखणदार मात्र कोणी उभा नव्हता.

तरीपण महाराजांनी पेरलेले वाया गेले नाही. तोच तरुण पुढे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन करणे हा गुन्हा ठरविला; पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापरात जातीवरून कोणासही अटकाव होता कामा नये असे ठरविले. ही बंधने केवळ सरकारवर नाहीत, ती तुम्हां-आम्हांवरही आहेत, आणि ती पाळली जातात की नाही हे पाहणे सरकारवर आहे. बडोद्याच्या विश्रांतिगृहातून ज्यांना काठीच्या धाकाने बाहेर काढले, त्यांच्याच अध्यक्षतेखाली हा मसुदा तयार व्हावा, यात काळाचा मोठा न्याय आहे.

दुसरे एक नाव सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या दिवाण मनुभाई मेहतांकडून १९१७ साली आंबेडकरांची सोय होऊ शकली नाही, त्यांच्याच कन्या हंसाबेन मेहता. बडोद्याच्या वातावरणात शिकलेल्या या विदुषी घटना समितीच्या सभासद होत्या, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर १९४७-४८ मध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात, केवळ पुरुषांचा बोध होईल असा शब्द मसुद्यात होता. हंसाबेनांच्या आग्रहामुळे तो बदलून सर्व मानवांचा बोध होईल असा शब्द आला. दि. १० डिसेंबर १९४८ रोजी तो जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या सव्विसाव्या कलमात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे असावे असे नमूद आहे. अमरेलीच्या दहा ठिकाणी १८९३ साली जे सुरू झाले, ते पंचावन्न वर्षांनी साऱ्या जगाने मान्य केले. पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होण्याचा मानही हंसाबेनांना मिळाला.

हे सर्व पाहण्यास महाराज हयात नव्हते. दि. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांनी अठ्ठावन्न वर्षांच्या आसपास राज्य केले. दि. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महाराजांनी जे दिले ते मोठे होते, पण ते राजाच्या मर्जीने दिलेले होते. प्रजेला ते मागण्याचा, न मिळाल्यास दाद मागण्याचा अधिकार नव्हता. राजा चांगला म्हणून शाळा मिळाली. उद्या राजा वाईट निघाला तर? मर्जीचे हक्कात रूपांतर होण्यास आपल्या देशास पुष्कळ काळ लागला. घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा यत्न राज्याने करावा असे सांगितले होते. ती मुदत १९६० साली संपली आणि काम अपुरेच राहिले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले, २००२ साली घटनादुरुस्तीने तो घटनेत आला, आणि २००९ साली झालेला कायदा दि. १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीपासून मोजले तर एकशे सतरा वर्षे झाली. आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारने जवळ शाळा द्यावी, फी घेऊ नये, शिक्षक नेमावेत, आणि मूल आले नाही तर त्याला शोधून आणावे, हे सरकारचे उपकार नव्हेत, देणे आहे.

हे लिहिताना माझे स्वतःचे एक देणे आठवते. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पदविका घेतली आणि सदतीस वर्षे प्राथमिक शाळांतून नोकरी केली. डोंगरातील एका वस्तीशाळेत असताना तिसरीत एक मुलगी होती. बेरीज-वजाबाकीत ती साऱ्या वर्गाच्या पुढे. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. तिचे आईबापही गेले आणि धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिला घेऊन गेले. मी हजेरीपटावर स्थलांतरित असा शेरा लिहिला. शेरा नियमानुसार होता. पुढे हंगामी वसतिगृहांची योजना आली, ती त्या वेळी आमच्या वस्तीपर्यंत पोचली नव्हती. परंतु मुलीची आजी गावातच होती. पोरीला आजीपाशी ठेवा, एवढे तिच्या बापाला सांगण्यास त्याच्या दारापर्यंत जाणे माझ्या हातात होते. मी गेलो नाही. पावसाळ्यात ती परतली तेव्हा तिसरीचे वर्ष बुडाले होते, आणि पुढील दिवाळीनंतर तिचे नाव पटावरून कमी झाले.

काही वर्षांपूर्वी नंदुरबारच्या बाजारात एका बाईने मला गुरुजी म्हणून हाक मारली. तीच ती. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखविण्यास सांगितले. मी वाचून दाखविले. तिने मला दोष दिला नाही. उलट मुलांना आपल्या गुरुजींच्या पाया पडण्यास सांगितले. मला तेथे उभे राहवेना. बडोद्याच्या कचेरीतील तो शिपाई आणि मी यांत फार मोठा फरक नाही, हे मला त्या दिवशी कळले. त्याने कागद फेकला, मी कागदावर शेरा लिहिला. त्या वस्तीच्या दारात सरकार म्हणून कोणी उभे होते तर तो मीच होतो.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत आज कोणी ना कोणी सरकारी अथवा निमसरकारी नोकरीत आहे. कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी ग्रामसेवक, कोणी परिचारिका, कोणी पोलीस. त्यांना माझी नम्र विनंती आहे की, हक्काचा कायदा दिल्ली-मुंबईत होतो, पण तो पाळला जातो अथवा बुडतो तो आपल्या मेजावर. आणि जे नोकरीत नाहीत त्यांनी मागण्यास लाजू नये. शाळेत शिक्षक नसेल, दवाखान्यात औषध नसेल, तर ते मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, वह्या वाटते, शिष्यवृत्त्या देते. हे उत्तमच आहे. पण वह्यावाटपाने सरकारचे कर्तव्य फिटत नाही, आणि केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांकडे पाहून आपलेही फिटत नाही. सयाजीरावांनी सोनगडच्या डोंगरात ज्या मुलांसाठी वसतिगृह काढले, ती त्यांच्या कुळाची नव्हती. म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. यंदाच्या सत्काराच्या आधी, आश्विनात, ऊसतोडीच्या गाड्या भरण्यापूर्वी, प्रत्येक गावच्या सभासदाने आपल्या गावात शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींची यादी करावी, मग ती कोणत्याही जातीची असोत. ती यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, हंगामी वसतिगृह मागावे, आणि ते मिळेपर्यंत परत परत जावे. जेथे आजी-आजोबा गावात आहेत तेथे बापाच्या दारापर्यंत जाऊन एक शब्द बोलावा. माझे पाय आता पूर्वीसारखे चालत नाहीत. पण आमच्या गावची यादी मी करीन.